ग्रहण धावड्यात दिसणार का?

...नाही, पण तुम्हीच सांगा, मी विचारलं काय होतं? एवढंच, की ग्रहण आमच्या धावड्यात दिसणार का नाही! गावातल्या कुठल्याही बाईला काही विचारा, ती चार गोष्टी जास्तीच्या सांगेल, पण उत्तर तर देईल ना?

तुम्हाला सांगते, आमची सून मोनिका, सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, हिला चक्कर येते, दर दोन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी सूर्यग्रहण, अडीच ते सव्वासहा. माझ्या सासूबाई, गोपिकाबाई, त्यांनी सकाळीच सांगून टाकलं, की गर्भारणीनं ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, जागचं हलायचं नाही. मी म्हटलं, आत्याबाई, पोरगी पडेल हो. तर म्हणतात कशा, "मंग इथं दिसायचं हाय का ते बघ. दिसत नसंल तं पाळायचं न्हाई. दिसलं तं सुटका न्हाई."

म्हणजे वाट होती! मी दहावी पास, हातात मोबाइल, म्हटलं बघते.

पहिल्यांदा निघालं राशिभविष्य. माझी वृश्चिक, प्रवास टाळा म्हणे... मी चुलीपुढनं उठत नाही, कुठला प्रवास? मग एक व्हिडिओ. "मित्रांनो, सूर्य म्हणजे काय?" अरे बाबा, सूर्य माहीत आहे, रोज येतो आमच्याकडं! ग्रहण दिसणार का, ते बोल. तर म्हणतो, उत्तरासाठी शेवटपर्यंत बघा. शेवटी काय, पुढचा व्हिडिओ बघा.

मग सापडली एक चांगली साइट, नकाशाबिकाशाची. ती विचारते, तुमचं ठिकाण कळू देता का? आता आमचा करण, जालन्याला कारखान्यात आहे, त्यानं बजावलेलं, आई, फोननं काहीही मागितलं की 'नको' दाबायचं. मी दाबलं 'नको'. लगेच उत्तर आलं, ग्रहण दिसणार, सकाळी दहा ते बारा. घड्याळात अकरा! म्हणजे लागून तास झालेला! मोनिकाच्या हातात भाकरी होती, ती तशीच ठेवायला लावून आत्याबाईंनी तिला ओसरीत बसवलं.

बारा वाजता करणचा फोन. साइटनं दहा ते बारा सांगितलं म्हटल्यावर म्हणतो, "आई, ते लंडनचं आहे. धावडा सांग ना त्याला." मी म्हटलं, तूच म्हणाला होतास ना, कुणाला काही सांगायचं नाही?

सांगितलं मग. धावडा त्याला ठाऊकच नाही. आमचा तालुका भोकरदन, तोही नाही. आणि रेंज गेली. अडीच वाजले, मोनिका पुन्हा बसली. म्हटलं, बाहेर जाऊन सरळ वर बघते, तर आत्याबाई आडव्या, ग्रहणात वर बघायचं नसतं! मग करायचं काय माणसानं? मी विचारलं काय होतं?

पावणेचारला रेंज आली, जालना सापडलं, आणि लिहून आलं, इथून दिसणार नाही. बिलकुल नाही! मोनिकानं लाडू उचलला, मी फोन घेऊन आत्याबाईंकडं पळाले. "बारीक हाय, मोठं कर." करायला गेले, बोट कुठं लागलं कुणास ठाऊक, आणि नकाशाखालचं काहीतरी सुरू झालं. परदेशातलं ग्रहण, चालू, अख्ख्या फोनभर. कडेला कुरतडलेला सूर्य.

आत्याबाईंनी हात जोडले. "दिसलं की गं."

मी म्हटलं, अहो, ते परदेशातलं आहे.

"असंल. पर दिसलं कुठं? आपल्या ओसरीत. मोनिका, ठिव तो लाडू."

मी फोन बंद करायला गेले, तर म्हणाल्या, "बंद नको करू. सुटलेलं कसं कळंल?"

सव्वासहापर्यंत, तुम्हाला सांगते, ती पोर भिंतीला टेकून, ओठ सुकलेले, आणि मी तिच्यासमोर फोन धरून. सुटलं तेव्हा दोन तांबे पाणी प्यायली बिचारी. आणि ती साइट विचारते कशी, पुढच्या ग्रहणाची आठवण करू का? मी 'नको' दाबायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हो म्हण."

पूर्वी धावड्याला कधीतरी एखादं ग्रहण लागायचं. आता जगात कुठंही लागू द्या... ते आमच्या ओसरीतच लागतं.