तोंड गोड करायला जपानी फळ

"हॅलो? … हॅलो, कोन? … राजे, तू व्हय! बरं झालं बाई तूच फोन केला… ऐक, ऐक, आधी माझं ऐक… अगं हो, पोचलं खोकं, कालच पोचलं… ते फळ… हां, तेच, जपानी का काय… ते जहरी हाय का गं?"

सुंदरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुरी, आणि डोक्यावरचा पदर कधीचाच खांद्यावर आलेला. लेक राजनंदिनी तिकडे हिमाचलात, जावयाची पलटण तिकडंच. सुट्टीवर येणाऱ्या एका जवानाबरोबर तिनं टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या, तिकडं 'जपानी' म्हणतात त्या फळांचं खोकं धाडलं होतं, आणि ते पोचलं का एवढं विचारायला बिचारीनं फोन केला. इकडे अंगणात, बाजेवर, सुंदरबाईचे थोरले दीर बबनराव दोन्ही हातांनी गळा धरून बसले होते.

"हसती काय भवाने? हितं मानूस मरायला टेकलंय! … कुनी खाल्लं म्हंजी? तुझ्या थोरल्या बाप्पानी खाल्लं! … हो, हो, आपल्या घरात… अगं खरंच आलेत. भागवतच्या लग्नाची पत्रिका घेऊन, जोडीनं, जाऊबाईला घेऊन… मला तर आधी वाटलं, घर चुकले का काय!"

वाटणारच. तेलगावात बबनराव आणि सुंदरबाईचा नवरा अर्जुनराव, या दोघा भावांचा बांधाला बांध, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा राजनंदिनी शाळेत जात होती. आता तिचं लग्न होऊन ती हिमाचलात पोचली, तरी भाऊ काही एकमेकांच्या अंगणात पोचले नव्हते. दिवाळीच्या फराळाचं ताट ना इकडून गेलं, ना तिकडून आलं. आणि आज बबनराव आपल्या पायांनी दारात! "पोराचं लगीन हाय, झालं गेलं सोडून दे," म्हणाले. अर्जुनराव खाली बघत नुसतं "बसा" म्हणाले. त्या माणसानं तेवढं म्हटलं हेच लई झालं. अशा वेळी तोंड गोड करायचं असतं, आणि धाकट्यानं थोरल्याला आपल्या हातानं भरवायचं असतं.

"पेढाच देनार होते गं! पन त्यांना शुगर हाय म्हनं, जाऊबाईनं डोळ्यानं खुनावलं मला. मग काय करू? म्हनलं, लेकीनं एवढ्या लांबून फळ धाडलंय, दिसतंय बी कसं लालबुंद… कापलं. तुझ्या आण्णांनी एक फोड उचलली अन् घातली भावाच्या तोंडात… मग काय! चावलं, अन् चेहराच फिरला त्यांचा. तोंड असं आवळलं, जीभ हालंना, थुका गिळंना… 'अर्जुन्या, काय घातलंस रं?' म्हनले. अन् जाऊबाईनं जी बोंब ठोकली, सगळी गल्ली गोळा व्हायची बाकी हाय! 'गोड बोलून मारलं' म्हनती… अगं आमी गोड बी कुठं बोललो होतो!"

पलीकडून राजनंदिनी घाईघाईनं सांगत होती. सुंदरबाईची मान एकदा होकारार्थी, एकदा नकारार्थी हालत होती.

"काय? … पिकवायचं? … लालच होतं की गं! आपल्याकडं लाल झालं म्हंजी पिकलं… टनक होतं, हो, सुरीला जोर लावावा लागला… मऊ? किती मऊ? … पिकल्या आंब्याहून? म्हंजी सडकंच की! … बरं, बरं… तांदळाच्या डब्यात ठिवायचं, न्हाईतर केळाबरोबर… मग देठ कापायचं अन् चमच्यानं खायचं… अगं मग आधी कावून न्हाई सांगितलं? … सांगितलं असशील! आईला फळ पिकवायला शिकवती म्हनून मीच ध्यान दिलं न्हाई… ते जाऊ दे. कच्चं खाल्लं तर मानूस मरतं का, ते सांग! … न्हाई ना? … शप्पत घे. … माझी घे. … निस्तं तोंड बधिर व्हतं? … आपसूक उतरतं? … दूध दिलं तर चालंल? हां, हां…"

सुंदरबाईचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. अंगणात जाऊ रुक्मिणीबाई "गाडी काढा, बीडच्या दवाखान्यात न्या" म्हणून ऊर बडवत होती. गाडी काढणार कोण? भागवत पत्रिका वाटायला मांजरसुंब्याला गेलेला.

"थांब, ठिवू नको… भाऊजी! अवो भाऊजी, जहर न्हाई वो! राजी सांगती, कच्चं हाय ते… जाऊबाई, जरा गप बसा की!… ऐकत न्हाईत गं कुनी. त्या रडन्यात माझा आवाज मलाच येईना… काय म्हनले? … अगं बाई… थोरले बाप्पा म्हनतेत, 'पान्यापायी जीव घेतला भावानी.'"

हे ऐकलं आणि अर्जुनरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते उठले. खोक्यातलं अख्खं फळ उचललं.

"अवो, टाका ते! … अगं बया, तुझ्या आण्णांनी दात मारला! सालीसकट! … 'जहर असंल तर मी बी मरतो' म्हनतेत… डोळ्याला पानी आलं त्यांच्या, तरी चावायलेत… दुसरा घास घेतला गं! राजे, काय करू मी? … थांब. बोलू नको… थोरले बाप्पा उठले."

सुंदरबाईनं सुरी पटकन पाठीमागं लपवली. आता मारामारी होणार, लग्नाचं निमंत्रण राहिलं बाजूला, पुन्हा आयुष्यभराचं वैर, असं तिला वाटलं. बबनरावांनी धाकट्याच्या हातावर असा फटका मारला की फळ अंगणात घरंगळत गेलं. मग त्यांनी त्याचा जबडाच धरला.

"मारत न्हाईत गं… तोंडात बोटं घातलीत त्यांनी तुझ्या आण्णांच्या… वकायला लावायलेत… स्वतःची जीभ जड पडली, तरी म्हनतेत, 'थुक. थुक, बारक्या, थुक, मरशील'… बारक्या म्हनले गं, राजे. मी लगीन होऊन आले तवा अशीच हाक मारायचे…"

तिला रडू आवरेना. अर्जुनराव खोकत होते, थुंकत होते, आणि बबनराव त्यांची पाठ चोळत होते. रुक्मिणीबाईसुद्धा गप झाली होती.

"हॅलो… हां, ऐकतेय… काय? आता सांगू, जहर न्हाई म्हनून? … आता ऐकू जाईल, हो… सांगते की. जरा वेळानं सांगते… ठिव तू."

तिनं फोन बंद केला आणि तिथंच दाराला टेकून उभी राहिली.