तड्यापुढचे ठिपके

(अंगणात खोदकामाचं जुनं मशीन. ते विकायला काढणारे काका, आणि गिऱ्हाइकानं तपासायला पाठवलेला मिस्त्री.)

मिस्त्री : खरं सांगा काका, रंग कशासाठी मारलात?

काका : कशासाठी म्हणजे? घरातली वस्तू दुसऱ्याला द्यायची ती काय कळकट द्यायची? कंबर मोडून घेतली मी!

मिस्त्री : आमच्या धंद्यात नवा रंग दिसला की आधी हातोडी काढतात. ऐका. इथे कसं खणखणतंय. आणि इथे, या लांब लोखंडी हाताच्या, बूमच्या बुडाशी...

काका : बद्द वाजतंय.

मिस्त्री : खरवडू?

काका : खरवडा की! माझ्या पोरानं लेकरासारखं सांभाळलंय हे. मशीन राहिलं, तोच तापानं गेला. कुणाच्या तरी हाती चालत राहू दे, एवढंच मागणं आहे. भंगारात नको.

मिस्त्री : हा बघा तडा. वर पट्टी लावून वेल्डिंग केलंय. तुम्हाला ठाऊकच नव्हतं?

काका : शपथ घेऊन सांगतो, नाही. थांबा, चष्मा लावतो... अहो, हे त्याच्याच हातचं. टाका संपवताना त्याची अशी गाठ राहायची. किती ओरडायचो मी!

मिस्त्री : आणि हे ठोकलेले ठिपके. तडा कुठवर आला त्याची खूण. पुढे सरकला की नवा ठिपका. सारखा बघत असणार बिचारा. पहिला तर वर्षभराचा असेल, आत गंज धरलाय.

काका : वर्ष?

मिस्त्री : बूम मोडला असता तर आत बसलेल्याचं काही खरं नव्हतं.

काका : वर्षापूर्वीच त्यानं माझ्याकडून चावी काढून घेतली. चारचौघांत म्हणाला, "बाबा, हात थरथरतात तुमचे, उतरा आता." ज्याला मांडीवर बसवून मशीन शिकवलं, तो मला म्हातारा ठरवतो! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मिस्त्री : स्वतः मात्र बसत राहिला.

काका : मग सांगायचं ना रे मला!

मिस्त्री : सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला बसू दिलं असतं?

काका : छे! पेटवून दिलं असतं हे धूड.

मिस्त्री : काका, टेका जरा. पाणी आणू?

काका : नको. तुमच्या मालकांना नाही म्हणून सांगा. जाऊ दे भंगारात.

मिस्त्री : काका...

काका : त्या दिवसापासून बोललो नाही मी त्याच्याशी. शेवटी दवाखान्यात पाणी मागितलं त्यानं. "बाबा, पाणी" म्हणाला. मी उशाशीच होतो. मी नर्सला हाक मारली.