म्हैशासूर मारायचा राहिला

आमचं गाव पेठच्या बाजूला, डोंगरात, एस्टी फाट्यावर सोडती आन तिथून पुढं चालत. भात आन नागली, ती निघाली का द्राक्षाच्या बागांवर मजुरी, बापानं तेच केलं, मीबी तेच करतो. पन आमच्या घराला एक मान हाय, बोहाड्यात म्हैशासुराचं सोंग आमचंच. बोहाडा म्हंजे आमचा होळीनंतरचा उत्सव, एकेक घर एकेका देवाचा नायतर राक्षसाचा मुखवटा घालून संबळावर नाचतं, आन सगळ्यात शेवटी देवी येती आन म्हैशासुराला मारती. तिची तलवार मानेला लागल्याबिगर मुखवटा उतरवायचा नाय. बापाच्या चुलत्यानं लय उकडतंय म्हनून आधीच उतरवला, त्याच्या घरात परत पाळना हालला नाय. हे लहानपनापासून ऐकत आलो मी, आन माझ्या बायकोची, जनीची, दोन बाळंतपनं वाया गेलेली, तिसऱ्या खेपेचा सातवा चालू. आता तुम्हीच सांगा ताई, भ्यायचं नाय तर काय करायचं.

तर एक साहेब जीप घेऊन आले. म्हनले पुण्याला देशोदेशीची पोरंपोरी खेळाया आलीत, पळनं, पवनं, कुस्ती, सगळं, त्यांच्या समारोपाला तुमचा नाच पायजे, आन समारोपच हाय तर तुमचं शेवटचं सोंग आना. भगताला विचारलं, भगत म्हंजे आमच्या देवाचं बघनारा, तो म्हनला जा, पन पुरं करून या. देवी माझा मावसभाऊ सोमा व्हनार व्हता, तो तर कवापासून पिशवी भरून बसलेला.

मैदान लय मोठं, आन मुखवट्याला भोकं दोनच, त्यातून दिसंल तेवढंच दिसायचं. संबळ सुरू झाला, मी नाचाया लागलो, सोमा पार पलीकडून तलवार घेऊन येत व्हता. तो निम्म्यात आला नाय तर भोंग्यावर कायतरी बोलले आन सगळी खेळाडू पोरं मैदानात घुसली, कोन झेंडा घेऊन, कोन गळ्यात पदक घालून. एका उंच पोरीनं माझा हात धरला आन मला नाचवाया लागली. ती हसतीय, आन मी आत रडतोय, सोम्या, सोम्या म्हनून हाका मारतोय, मुखवट्यातून कोनाला ऐकू जातंय. मंग वर आभाळात शोभेची दारू उडाया लागली, दनादना, आन संबळ थांबला. पोलिसांकडं असतो तसला फोन हातात घेतलेला एक मानूस मला ढकलत म्हनतो, झालं झालं, बाहेर चला. मी म्हनलं, साहेब, मला मारायचं राहिलंय. तो म्हनला, उद्या मारा.

गाडीपाशी गेलो तर सोमा बिस्किट खात उभा, तोंड उघडं. म्हनलं देवी कुठं. म्हनला उतरवली, त्यांनीच उतरवाया लावली. देवी एकदा उतरली का पुढच्या बोहाड्यापर्यंत डोक्यावर चढत नाय, ही बी रीतच. सोमा म्हनला, अरे काढ, इथं कोन बघतंय. म्हनलं, जनीचं काय झालं तर तू भरून देनार का.

नाशिकपर्यंत मी तसाच आलो. सोमानं कुठून तरी थंड्याची नळी आनली, तोंडाच्या फटीतून पानी पाजत व्हता आन मान खाली घालून माफी मागत व्हता. सकाळी पेठ नाक्यावर उतरलो तर भाजीवाल्या बायका बघून हसतात, एक जीपवाला तर म्हनला, याचं तिकीट दोन मानसांचं. हसा, मी आतून पोटातल्या जिवाचाच इचार करत व्हतो.

घरी नाय गेलो. देवळाच्या ओट्यावर बसलो, जनीला सांगावा धाडला का इकडं यायचं नाय. भगतानं कपाळावर हात मारला. म्हनला, देवी चढवायची तर बोहाडा घालावा लागंल, पहिल्या गनपतीच्या सोंगापासून सगळा. आन नागली कापनीला आलेली, ताई. तरी मानसं इळे टाकून आली. भर दुपारी, उन्हात, एकामागं एक सगळी सोंगं नाचली, कोनी कुरकुर केली नाय. शेवटी सोमा आला, तलवार मानेला लागली आन भगतानं मुखवटा उचलला. बायकांच्या मागं जनी उभी व्हती, पोटावर पदर धरून. नको म्हनलं तरी आलीच व्हती.

पोरगी झाली. आता चालाया लागलीय, कोंबड्यांमागं पळती. देवीनं ठेवली, आनखी काय मागायचं. पन भ्या गेलं नाय, खोटं कशाला बोलू. यंदाच्या बोहाड्यात सगळे हसले मला. सोमा अजून पार पलीकडं, पारापाशी व्हता, आन मी आधीच गुडघे टेकून मान पुढं केलेली.