आराखड्यात न मावलेला सकाळचा वर्ग

अध्यक्षस्थानी असलेल्या कुलगुरू डॉ. दमयंतीताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि भाट्याहून, मालगुंडाहून कामं बाजूला ठेवून आलेले माजी विद्यार्थी मित्रहो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्र तर इतकं गोड वाचलंत की हा चारुदत्त कोण, असं मलाच वाटू लागलं. त्यात एक वाक्य आहे, ‘सरांनी विद्यापीठाला दहा वर्षांचा आराखडा दिला.’ दिला, हे खरं. त्याबद्दलच बोलतो. निवृत्तीच्या दिवशी खरं बोलायला कुणाची परवानगी लागते का?

चार वर्षांपूर्वी या आराखड्यासाठी आमची समिती बारावीच्या वर्गांतून फिरली. पुढे कुठे शिकणार, एवढंच विचारायचं होतं. बागायतदारांची मुलं पुणं म्हणाली, बाकीची मुंबई. विनीत नावाचा एक मुलगा म्हणाला, "मी मुंबईला कामाला जाणार. शिकायचंय ते आमच्या आईला." मी ‘बाहेर जाणार’पुढे खूण केली. त्याच्या दुसऱ्या वाक्याला फॉर्मवर जागाच नव्हती. आम्ही हसलो आणि पुढच्या वर्गात गेलो.

त्याची आई, गंगाबाई, तेव्हा आपल्याच सकाळच्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वय अडतीस. साडेसातला वर्ग, दहाला सुटी, अकराला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला हजर. अशा त्रेचाळीस जणी होत्या. कुणी अंगणवाडीतली, कुणी मासळीच्या कारखान्यातली. प्रवेशअर्जावर ‘पालकांची सही’ म्हणून गंगाबाईंनी विनीतचीच सही आणली होती, आणि आपल्या कार्यालयाने ती मुकाट्याने घेतलीही. आपला विद्यार्थी बदलला होता हो. आराखड्याच्या बैठकीला आम्ही वर जायचो ते जिन्याशी काढून ठेवलेल्या त्यांच्याच चपला चुकवत. तक्त्यात मात्र त्यांना ‘इतर’ या रकान्यात टाकलं. विद्यार्थी घटत आहेत, सबब सकाळचा वर्ग बंद, सगळे तास अकरा ते पाच. ही शिफारस माझ्या हातची आहे.

गंगाबाई मला भेटायला आल्या. म्हणाल्या, "सर, माझं एकच वर्ष रायलंय. तेवढं सकाळचं ठेवा ना."

मी म्हटलं, "आराखडा मंजूर झालाय, बाई."

त्या "बरं" म्हणाल्या. ग्रंथालयाची पुस्तकं त्यांनी त्याच दिवशी परत केली. सगळ्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. फार वाईट वाटतं मला त्याचं. तेव्हा वाटलं नाही, याचं जास्त.

कुलगुरू दमयंतीताईंनी येत्या जूनपासून सकाळचा वर्ग पुन्हा सुरू करायचं मान्य केलंय. तेच सांगायला गेल्या आठवड्यात मी कँटीनमध्ये गेलो. गंगाबाईंनी हात पुसून मला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. "चांगलं झालं सर, दुसऱ्या बायकांना होईल," म्हणाल्या. "माझी आता सवय मोडली. चार ओळी वाचल्या की डोळा लागतो."

असो. आपण सगळे आलात, दोन शब्द प्रेमाचे बोललात, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण ते पोटात घालाल, याची खात्री आहे. आराखड्याची माफी मात्र या सभागृहाकडे नाही. ती जिच्याकडे आहे, तिच्यासमोर बसूनही मला ती मागता आली नाही.

नमस्कार.