हिचा रेग्युलेटर

— नाही नाही, मिस्त्री, माझा राहू द्या, आधी हिचा रेग्युलेटर उघडा. हिचा म्हणजे आमच्या बायकोचा. निळ्या नळीचा, पाण्याखाली तोंडात धरतात तो. त्यातून श्वास नीट येत नाही, माझी पक्की खात्री आहे. उद्या निघायचंय, समुद्राच्या तळाशी जायचंय, खायचं काम आहे का? तुम्ही तिला एवढंच सांगा — ‘दुरुस्तीला महिना लागेल.’ माझा? माझा ठणठणीत असला तरी चालेल.

निगा? निगेचं तर बोलूच नका! आमच्याकडे माणसं बादलीवर आंघोळ उरकतात आणि हे सगळं सामान टबात डुंबत पडलेलं असतं. पाण्यात अंगभर घालायच्या त्या रबरी वेटसूटची घडी घालायची नाही ना, म्हणून तो हॉलमध्ये रुंद हँगरवर. परवा सासरे आले, चष्मा घरी विसरून — त्याला म्हणाले, ‘उभे का? बसा ना!’ आणि पाऊण तास गप्पा मारल्या. निघताना मला म्हणतात, ‘जावईबापू, तुमचे मित्र फार सज्जन, मधे मधे बोलत नाहीत.’ आता हा टोमणा कुणाला? मी तर मोजकंच बोलतो, तुम्ही बघताच आहात.

सगळं बिनसलं ते शिकवणीच्या तलावात. मी वर आलो, ही यायलाच तयार नाही! तळाशी मांडी घालून बसली, आणि मास्कच्या आत काय हसत होती — लग्नात नाही हो हसली अशी. सरांनी विचारलं, ‘खाली काय आवडलं?’ तर म्हणते, ‘कुणी बोलत नाही.’ कुणी! आता घरात आम्ही दोघंच, म्हणजे हे ‘कुणी’ कोण, सांगा.

तेव्हापासून मी तोंड उघडलं की हिच्या तोंडात हा रेग्युलेटर. सराव म्हणे! मी आपला गळक्या नळाबद्दल सांगतोय आणि समोरून फुस्स्… फुस्स्… हसू नका. भीती वाटते हो मला. वर येईल ती, येईलच, हवा संपते ना — पण मन तिथंच रमलं तर? मी कुणाशी बोलायचं?

काय? बिघाड नाही? कसा नाही? हवा आत जाते तिथली टोपी मी स्वतः काढून टबात बुडव— म्हणजे चुकून हो! टोपी घट्ट बसलेली होती? आत थेंबही नाही? पण बॅग तर हिनंच भरून दिली… म्हणजे हिनं बघितलं. लगेच काढून पुसला, टोपी लावली. आणि मला एका शब्दानं बोलली नाही? भांडायचं तरी!

आलीच बघा. अगं ये, मी यांना हेच सांगत होतो — काय मिस्त्री? मी तपासून बघू? तोंडात धरू? धरतो की. ही बघा, स्टूल ओढून बसलीसुद्धा. काय म्हणालीस? ‘नीट तपासा, दुकान बंद होईपर्यंत थांबते’? अगं, पण सामान भरायचं — बरं, बरं, धरतो, फक्त एवढं वाक्य पुरं करू द्या, मी काय म्हणत होतो की —