झाकणांचा नकाशा

नासिलेले : आणि नकाशात हे बाटलीचं लाल झाकण लुयांडोच्या घरावर. आज सकाळीच ठेवलं.

सिमुकोंडा मास्तर : म्हणजे तोही कॉलऱ्याच्या तंबूत?

नासिलेले : पहाटे नेला. बोळात गाडी शिरत नाही. चौघांनी चादरीत घालून रस्त्यापर्यंत उचलला.

मास्तर : नकाशा मात्र झकास काढलाय पोरांनी. माझं आंब्याचं झाडही विसरले नाहीत.

नासिलेले : विषय बदलू नका, मास्तर. सतरा घरांवर झाकणं आहेत. मधोमध काय आहे?

मास्तर : आंधळा नाही मी, पोरी. माझी विहीर आहे.

नासिलेले : पुरात खालच्या गल्लीतले संडास भरून वाहिले, ते सगळं आत झिरपलंय. वस्तीच्या समितीनं ठरवलंय, विहीर आजच बुजवायची. माणसं फावडी घेऊन येतायत.

मास्तर : समितीनं! तुला पाढे कुणी शिकवले गं?

नासिलेले : म्हणून तर मला पुढे केलं. बाकी कुणाची छाती झाली नाही.

मास्तर : माझ्या बायकोनं, तुझ्या बाईंनी, खणून घेतलेली विहीर आहे ही. मरेपर्यंत कुणाला नाही म्हटलं नाही तिनं. आणि पाणी बघ तरी! काचेसारखं.

नासिलेले : "पेल्याखाली अक्षर धरा. वाचता आलं, तर पाणी शुद्ध." मला तिसरीत शिकवलंत. आता इथे अंगणात या पोरांना शिकवता.

मास्तर : मग?

नासिलेले : लुयांडो वाटेत तेच सांगत होता. शुद्धीत होता तोवर. "ताई, मी अक्षर बघूनच प्यायलो."

(लुयांडोची आई मुटिंटा बादली घेऊन अंगणात येते.)

मुटिंटा : विहिरीचा दोर कुठे गेला?

नासिलेले : मी काढून ठेवलाय, लुयांडोची आई. अहो, याच पाण्यानं...

मुटिंटा : ठाऊक आहे मला.

नासिलेले : ठाऊक असून आलात?

मुटिंटा : घरी अजून दोन आहेत. नळ नऊ दिवस कोरडा. पाऊस गायब. उकळायचं तर कोळसा नाही. पाण्यात टाकायच्या तुझ्या औषधाची बाटली शेवटची कधी दिलीस?

नासिलेले : दवाखान्यातच संपलंय ते.

मुटिंटा : मग काय पाजू त्यांना? थुंकी? मी टेकडीवर धुणं धुते ना, तिथे हिरवळीला दोनदा पाणी मारतात. अख्ख्या लुसाका शहराला पाणी आहे. आणि तिथली मालकीण मला म्हणते, तुम्ही लोक हातच धूत नाही!

नासिलेले : उद्या पाण्याच्या कचेरीवर जाऊ. सगळ्या बायका, रिकाम्या बादल्या घेऊन. हा नकाशा दाखवू.

मुटिंटा : मागे गेलो तेव्हा साहेब काय म्हणाला? तुमची वस्ती आमच्या कागदावरच नाही.

नासिलेले : आता आपल्या कागदावर आहे.

मुटिंटा : उद्या जाल गं. आज काय? दोर दे.

नासिलेले : मास्तर, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतील.

मास्तर : माझं ऐकूनच तर तो तंबूत गेला.

मुटिंटा : मी तुम्हाला दोष देत नाही, मास्तर. फक्त दोर द्या.

मास्तर : नासिलेले, आण तो दोर इकडे.

नासिलेले : मास्तर!

मास्तर : आण म्हणतो ना. ...हा गेला विहिरीत. आता कुणी मागायचा नाही. पहिलं फावडं मी टाकीन. त्याआधी पोरांना बोलाव. सगळ्यांना.

नासिलेले : ती कशाला?

मास्तर : मास्तर चुकले, हे त्यांनी बघायला हवं. नाहीतर जन्मभर अक्षरं बघत पाणी पितील.

मुटिंटा : कचेरी कितीपर्यंत उघडी असते?

नासिलेले : चारपर्यंत. पण बायका उद्या जमणार आहेत.

मुटिंटा : जमू देत. मी आत्ता निघते. बादली रिकामीच आहे.