तव्यावरची चरबी अन् तुही सोयरीक

लिही सुनबाई, लाजू नको. माहं माहेर कारंज्याकडचं, बापाजवळ डुकरं होते, लग्न होऊन इथं तळेगावात आली तं इथंबी डुकरंच, काय सांगू तुले, डुकरायनं माही पाठ काही सोडली नाई. बाप सांगे, मादी कवाबी काप, तिच्या मटनाले वास नाई, पन नर ठेवायचा तं पिलू तीन हप्त्याचं असतानीच खच्ची करायचं, ब्लेडनं दोन्ही काढायचे, वरून हळद-तेल लावायचं. तसाच वाढू देला तं त्याची चरबी तव्यावर पडली का मुतासारखी घाण मारते. अन् तो वास सगळ्यायले येत नाई, हे लिही. माह्या मायले येये, बापाले येत नव्हता. तुह्या सासऱ्याले तं बिलकुलच नाई.

तं तुह्या सासऱ्यानं एक पिलू खच्ची कराले घेतलं अन् त्याचं एकच सापडलं. मी म्हटलं, दुसरं कुठी गेलं? म्हने, असंन पोटात, उतरंन खाली, मंग पाहू. मंग कोन पाहते वं! पिलू वाढून हे एवढं झालं, आमी त्याले राजा म्हनो.

तुहे मायबाप आर्वीवरून आमचं घर पाहाले आले त्या दिवशी तुह्या सासऱ्यानं राजालेच कापलं. मी म्हटलं, मादी कापा. म्हने, मादी पिलं देते, राजा नुसता खाते, अन् तो खच्ची हाय. मी चरबीचा तुकडा तव्यावर टाकला अन् माहं डोकंच भनानलं. म्हटलं, हुंगून पाहा. हुंगलं, म्हने, मस्त खमंग. शेजारच्या भाऊजीले बलावलं, तेबी म्हने मस्त. त्यायची बायको दारातूनच म्हने, वैनी, चुलीपाशी कोन मुतलं वं?

पाहुने आंगनात, पोराची सोयरीक अशी लटकलेली, अन् माह्यापाशी गंजभर वासाचं मटन. मसाल्यात दडपून टाकावं असं मनात आलं, खोटं काऊन बोलू. तेवढ्यात तुही माय पानी घ्याले आत आली, नाकाले पदर लावला अन् तव्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली, म्हटलं, एक पोटात राह्यलं वं बाई. तुही माय एवढी हासली का खालीच बसली. म्हने, आमच्या घरीबी असंच झालतं, यायनं तीन डाव घेऊन खाल्लं, मी भाकर-चटनी खाल्ली.

मंग आमी दोघीनं वांगे चिरले. बाहीर तुहा बाप अन् तुहा सासरा राजाले मिटक्या मारून खाऊन राह्यले होते, अन् आत आमी वांग्याची भाजी खाता खाता सोयरीक पक्की केली. तुही माय म्हने, पोरगी लाजरी हाय, बोलनार नाई, पन नाक तिखट हाय.

तसंच निंघालं. आता पिलू खच्ची झालं का तू मांगून येतं, गुपचूप दोन बोटं दाखवून इचारतं, अन् सासरा निमूटपनं दोन्ही दाखवते. पन अजूनबी म्हन्ते, राजासारखं मटन मंग कवा झालंच नाई. म्हनू दे.

तुले पोरगी झाली तं तिले तुहं नाक भेटो बाई. अन् पोरगा झाला, आज्यावर गेला, तं त्याले तुह्यासारखी बायको भेटो.